रोबेर ब्रेसाँ: तेरा चित्रपट कोणत्या क्रमाने आणि कसे पाहावेत

फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँचे चित्रपट संथ असतात, असा समज मनात धरून पाहायला बसलात तर पहिल्याच चित्रपटाला गडबड होते. झान दार्कच्या (जोन ऑफ आर्कच्या) खटल्यावरचा त्यांचा चित्रपट ६५ मिनिटांचा आहे. 'पिकपॉकेट' साधारण सव्वा तासाचा, आणि शेवटचा 'लार्जां' दीड तासाच्या आत संपतो. शॉट छोटे, कट नेमके. संथ वाटतं ते वेगळ्या कारणानं. पडद्यावरची माणसं मनातलं चेहऱ्यावर आणत नाहीत आणि आपण मात्र चेहऱ्याकडे बघत वाट पाहत राहतो. तेवढ्यात दारापलीकडे कुणाची तरी पावलं वाजून गेलेली असतात आणि गोष्ट तिकडे पुढे सरकलेली असते.

म्हणून या दिग्दर्शकाची कारकीर्द पाहायची तर दोन सवयी लावून घ्याव्या लागतात. एक, कान डोळ्यांइतकेच कामाला लावायचे. दोन, प्रत्येक चित्रपटात त्यांनी आधीच्यापेक्षा काय कमी केलं, हे शोधायचं. १९०१ साली जन्मलेले ब्रेसाँ मुळात चित्रकार. १९३४ मध्ये त्यांनी एक छोटा विनोदी चित्रपट केला, मग महायुद्धात जर्मनांच्या कैदेत काही काळ काढला. पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला १९४३ मध्ये, शेवटचा १९८३ मध्ये. चाळीस वर्षांत फक्त तेरा. या तेरांमध्ये आधी व्यावसायिक नट गेले, मग अभिनय गेला, मग पार्श्वसंगीत गेलं, आणि शेवटी शेवटी चेहरेसुद्धा मागे पडून हात, पाय, दारं आणि वस्तू उरल्या. ही वजाबाकी हाच या कारकिर्दीचा धागा आहे. तो हातात असला की तेरापैकी एकही चित्रपट परका वाटत नाही.

बसण्याआधीची तयारी

टीव्हीवर पाहणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. हे मोशन स्मूदिंग प्रत्येक कंपनी वेगळ्या नावानं देते आणि बहुतेक टीव्हींवर ते आधीपासून चालू असतं. ते मूळ फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या फ्रेम घालतं, त्यामुळे हात खिशात सरकतो ती हालचाल मालिकेतल्यासारखी दिसू लागते. 'पिकपॉकेट'चा जीवच त्या हालचालीत आहे.

दुसरं, चित्राचा आकार. 'पिकपॉकेट'पर्यंतचे चित्रपट १.३७:१ या जवळजवळ चौकोनी आकारात आहेत आणि 'ओ आझार बाल्ताझार'पासून पुढचे १.६६:१ मध्ये. आजचा टीव्ही १.७८:१ असतो. म्हणजे सुरुवातीच्या चित्रपटांना दोन्ही बाजूंना जाड काळ्या पट्ट्या दिसणार आणि नंतरच्यांना बारीक. पट्ट्या खटकतात म्हणून चित्र झूम करून पडदा भरू नका. वरची-खालची पट्टी कापली जाते, आणि ब्रेसाँच्या चौकटीत नेमका तिथेच काठाला एखादा हात किंवा दाराची मूठ असते.

आवाज एकाच वाहिनीचा, म्हणजे मोनो आहे. टीव्हीचा किंवा साउंडबारचा सराउंड बंद करा, नाहीतर पावलांचा आवाज उगाच खोलीभर पसरतो. मोबाइलच्या स्पीकरवर हे चित्रपट पाहू नयेत, हे कळकळीनं सांगतो. तिथे संवाद ऐकू येतात, पण खालच्या पट्टीतले आणि बारीक आवाज, दूरची आगगाडी, लाकडावरची घासणी, कपड्याची सळसळ, हे सगळं गळून जातं. साधे वायरचे हेडफोन यापेक्षा कितीतरी बरे. आवाज संवादांच्या मानानं लावू नका, पावलांच्या मानानं लावा. पावलं स्पष्ट ऐकू आली की संवाद आपोआप ऐकू येतात.

डिस्क मागवणाऱ्यांसाठी एक सूचना. भारतात ब्लू-रेचा विभाग सी आहे आणि डीव्हीडीचा ५. अमेरिकेतल्या ब्लू-रे विभाग ए च्या आणि डीव्हीडी विभाग १ च्या असतात, युरोपातल्या बी आणि २ च्या. सगळे विभाग चालवणारा प्लेअर नसेल तर डिस्क चालणार नाही. युरोपातल्या डीव्हीडीची आणखी एक भानगड आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमनं चित्रित झालेला असतो आणि ती डीव्हीडी तो २५ फ्रेमनं पळवते. ७५ मिनिटांचा चित्रपट ७२ मिनिटांत संपतो आणि बहुतेक वेळा आवाजही सुमारे ४ टक्के चढा लागतो. दुसऱ्या कुणाच्या चित्रपटात हे एक वेळ चालेल, पण जिथे सगळा भार लयीवर आणि आवाजावर आहे तिथे चालत नाही. शक्य तिथे ब्लू-रे किंवा नव्यानं दुरुस्त केलेली प्रत पाहा.

उपशीर्षकं पहिल्या वेळी चालू ठेवा. पाहून झालं की त्यातली आवडलेली दहा मिनिटं उपशीर्षकं बंद करून पुन्हा पाहा. खालच्या ओळी वाचताना डोळा चौकटीच्या तळाशी अडकतो, आणि हातांचे शॉट वाचण्याच्या नादात निसटतात.

पहिला चित्रपट कोणता

१९४३ पासून सुरुवात करू नका. पहिले दोन चित्रपट चांगले आहेत, पण त्यांत व्यावसायिक नट आहेत आणि भरपूर पार्श्वसंगीत आहे. दुसऱ्याचे संवाद फ्रेंच कवी ज्याँ कॉक्तो यांचे आहेत. ते आधी पाहिले तर ब्रेसाँ म्हणजे त्या काळातला एक नीटनेटका फ्रेंच दिग्दर्शक, एवढंच हाती लागतं.

सुरुवात १९५६ च्या कैद्याच्या चित्रपटापासून करा. फ्रेंच नाव 'अं काँदाने आ मॉर सेतेशापे', म्हणजे मृत्युदंड झालेला कैदी निसटला. शेवट नावातच सांगून टाकलेला आहे, आणि तरी छातीत धडधड होते. लियाँ शहरातल्या माँल्युक तुरुंगातून १९४३ मध्ये निसटलेले आंद्रे देविन्यी यांची ही खरी हकिगत. चित्रीकरणाला सल्लागार म्हणून ते स्वतः होते. या चित्रपटासाठी ब्रेसाँना १९५७ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं.

पहिली काही मिनिटं अगदी जवळून पाहा, कारण पुढची सगळी पद्धत तिथेच उलगडते. मोटारीत कैदी बसलाय. आपल्याला त्याचे हात दिसतात. एक हात हळूच दाराच्या मुठीकडे जातो. गाडी हळू झाली की तो उडी मारून पळतो. इथे दुसरा कुठलाही दिग्दर्शक कॅमेरा घेऊन त्याच्या मागे धावला असता. ब्रेसाँ कॅमेरा गाडीतच ठेवतात, रिकाम्या झालेल्या जागेपाशी. बाहेर आरडाओरडा, गोळ्या, धावती पावलं. मग त्याला परत आणून त्याच जागी बसवतात. पाठलाग आपण पाहिलेलाच नाही, तरी तो आपल्या डोक्यात पूर्ण घडलेला आहे.

पुढे तुरुंगात शिरल्यावर कामाचा तपशील पाहा. लोखंडी चमचा दगडी फरशीवर घासून त्याची पटाशी होते. दार ओकच्या फळ्यांचं, पण फळ्यांमधले सांधे मऊ लाकडाचे, म्हणून पटाशी तिथेच चालते. भुसा आणि कपच्या गोळा करून लपवाव्या लागतात. अंथरुणाच्या पट्ट्या आणि पलंगाच्या जाळीची तार यांचा दोर वळला जातो, आणि कंदिलाच्या चौकटीतून आकडे तयार होतात. हे सगळं कॅमेरा कारागिराच्या शेजारी उकिडवं बसून पाहावं तसं दाखवतो. कैद्याची भीती मात्र एकदाही चेहऱ्यावर येत नाही. भीती येते ती बाहेरून, पहारेकरी जिन्याच्या लोखंडी कठड्यावर किल्ली घासत जातो त्या आवाजातून.

शेवटच्या रात्रीचा भाग दोनदा पाहा. गच्चीवर खडी आहे, पाय ठेवला की वाजते, म्हणून कैदी आणि त्याचा कोठडीतला सोबती, दोघं जवळून आगगाडी जाण्याची वाट पाहतात आणि तिच्या आवाजाच्या आडोशानं पुढे सरकतात. खाली कसली तरी कुरकुर सारखी येते-जाते आणि ती कशाची हे कळायला वेळ लागतो. भिंतींच्या मधल्या वाटेनं पहारेकरी सायकलवरून फेऱ्या घालतोय, चाक कुरकुरतंय. एका पहारेकऱ्याला मारावं लागतं ते भिंतीच्या कोपऱ्यापलीकडे घडतं. आपल्याला फक्त कोपरा दिसतो.

मोझार्टच्या सी मायनर मासचा (चर्चमधल्या उपासनेसाठी रचलेल्या संगीताचा) तुकडा या चित्रपटात मोजक्या ठिकाणी वाजतो. तो कुठे वाजतो याची नोंद ठेवा: कैदी सकाळी आपापल्या घाणीच्या बादल्या ओतायला रांगेनं जातात तिथे. सुटकेच्या थरारावर नाही.

वहीत काय लिहायचं

साधी वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: दिसलं, नुसतं ऐकू आलं, दाखवलंच नाही. चित्रपट चालू असताना लिहू नका, मान खाली गेली की शॉट जातो. संपल्यावर पंधरा मिनिटांत जेवढं आठवेल तेवढं लिहा. पहिल्या एक-दोन चित्रपटांना मधला रकाना जवळजवळ रिकामा राहतो. चौथ्या-पाचव्यापर्यंत तोच सगळ्यात लांब होतो, आणि तेव्हा समजावं की कान बसला.

आठवड्याला एकच चित्रपट ठेवा. एका दिवशी दोन पाहिले तर दुसऱ्यातली माणसं पहिल्यातल्यांसारखीच बोलतात असं वाटू लागतं आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. तेरा आठवडे, म्हणजे तीन महिन्यांचं काम आहे.

पुढचा क्रम

दुसरा, 'पिकपॉकेट' (१९५९). यात हात शिकवणारा माणूस खरा हातचलाखीवाला होता, कासाजी. चोरांच्या टोळीत तो स्वतः पडद्यावर आहे. पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकातला तीन चोरांचा प्रसंग हा या चित्रपटाचा गाभा. पाकीट एका हातातून दुसऱ्यात, तिथून घडी केलेल्या वर्तमानपत्रात, रिकामं पाकीट कचऱ्याच्या डब्यात. संवाद जवळजवळ नाहीत. आधी एकदा सरळ पाहा. मग आवाज बंद करून पाहा. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका. चौथ्यांदा पुन्हा दोन्ही. या चार फेऱ्यांना अर्धा तासही लागत नाही आणि कट कुठे आणि का मारला जातो, हे त्यातून जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही. बघा, हात चौकटीत शिरतो तेव्हा शॉट सुरू होतो आणि काम झालं की लगेच संपतो. मधे कौतुकाला जागा नाही.

तिसरा 'मुशेत' (१९६७), चौथा 'ओ आझार बाल्ताझार' (१९६६). हे दोन लागोपाठच्या वर्षांत आले, पण पाहताना उलटे घ्या. 'मुशेत' एका मुलीची सरळ गोष्ट आहे. 'बाल्ताझार' एका गाढवाचं आयुष्य आहे, मालक बदलत जातात, माणसं येतात-जातात, आणि कोण कुणाचा कोण हे पहिल्या वेळी हातात राहत नाही. बरीच मंडळी या चित्रपटाची कीर्ती ऐकून त्यापासूनच सुरुवात करतात आणि पहिल्या अर्ध्या तासात हरवतात. हरवलात तर माणसांचा हिशेब सोडा आणि गाढव आत्ता कुणाकडे आहे एवढंच धरून ठेवा. सगळे धागे त्याच्यापाशी परत येतात. श्रेयनामावलीतच शूबर्टचा पियानो चालू असताना मध्ये गाढव ओरडतं आणि पियानो थांबतो. सर्कशीत गाढवाला वाघ, अस्वल, माकड आणि हत्ती यांच्या पिंजऱ्यांसमोरून नेतात, तेव्हा एकदा प्राण्याचा डोळा आणि एकदा गाढवाचा डोळा, एवढेच शॉट आहेत. गाढव तर अभिनय करू शकत नाही. तरीही आपल्याला त्या नजरांमध्ये संवाद दिसतो. माणसांकडून ब्रेसाँना काय हवं होतं, ते या प्रसंगात सगळ्यात सोपं करून समजतं.

'मुशेत'चा शेवट पाहताना मुलगी उतारावरून किती वेळा गडगडत जाते ते मोजा. शेवटच्या वेळी आपण पाण्यात पडल्याचा आवाज ऐकतो आणि नुसतं हलतं पाणी पाहतो.

पाचवा, खेड्यातल्या तरुण पाद्र्याच्या रोजनिशीचा चित्रपट (१९५१), जॉर्ज बेर्नानोस यांच्या कादंबरीवरून. हा वेळेनं मोठा आहे, दोन तासांच्या जवळपास, आणि यात पार्श्वसंगीत अजून आहे. इथे एक गंमतशीर चाचपणी चालू आहे. पाद्री वहीत लिहितो ते दिसतं, तेच त्याच्या आवाजात ऐकू येतं, आणि मग तेच घडताना दिसतं. एकच गोष्ट तीनदा. कंटाळा येईल असं वाटतं, पण तिसऱ्या वेळेपर्यंत लिहिलेलं आणि घडलेलं यात बारीक फट पडलेली असते. ती फट शोधत पाहा. शेवटी मृत्यू दिसत नाही, पडद्यावर क्रूस राहतो आणि पत्र वाचणारा आवाज.

सहावा 'लार्जां' (१९८३), म्हणजे पैसा. टॉलस्टॉयच्या कथेवरून. पाचशे फ्रँकची एक खोटी नोट हातोहात फिरते आणि एका साध्या कामगाराला खुनापर्यंत नेते. हा सगळ्यात कोरडा आणि माझ्या मते सगळ्यात जोरकस. बँकेच्या दरोड्यात आपण दरोडा पाहतच नाही, पळून जाण्यासाठी थांबलेल्या मोटारीजवळ थांबतो. एका म्हाताऱ्या बाईला तिचे वडील थोबाडीत मारतात, तेव्हा कॅमेरा तिच्या हातातल्या कॉफीच्या वाडग्यावर आहे. चापटीचा आवाज येतो आणि कॉफी सांडते. हा एक शॉट समजला की ब्रेसाँ समजले, असं म्हणायला हरकत नाही. कान महोत्सवात या चित्रपटाला रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीच्या चित्रपटासोबत विभागून सन्मान मिळाला.

सातवा 'लान्सलो द्यु लाक' (१९७४). राजा आर्थरच्या शूरांची गोष्ट, आणि ब्रेसाँच्या मनात ती जवळजवळ वीस वर्षं होती. स्पर्धेच्या मैदानातला प्रसंग ऐकण्याच्या सरावासाठी यासारखा दुसरा नाही. घोड्यांचे पाय, चिलखतांचा खणखणाट, फडफडत वर जाणारी निशाणं, बॅगपाइप, भाल्याचा आघात. योद्ध्याचा चेहरा शिरस्त्राणात झाकलेला, त्यामुळे चेहरा काढून टाकायला कारणसुद्धा शोधावं लागलेलं नाही. आधी पडद्याकडे पाठ करून ऐका, ऐकलेले आवाज क्रमानं लिहून काढा, आणि मग चित्र पाहून ताडून बघा.

इथपर्यंत आल्यावर पहिल्या दोघांकडे परत जा, 'ले आंज द्यु पेशे' (१९४३) आणि 'ले दाम द्यु ब्वा द बूलोन्य' (१९४५). आता त्यांतला प्रत्येक अश्रू, प्रत्येक सूर आणि नटी मारिया कासारेसच्या डोळ्यांतली आग, हे पुढे वजा झालेलं सामान म्हणून दिसतं. त्यानंतर झान दार्क (१९६२), जिथे संगीत म्हणजे फक्त ढोलाचा आवाज. उरलेल्या तिघांत दस्तयेव्हस्कीच्या कथांवरचे दोन आहेत, 'यून फाम दूस' (१९६९) आणि 'कात्र नुई दं रेव्हर' (१९७१), आणि 'ल द्याब्ल प्रोबाब्लमाँ' (१९७७) हे स्वतःच्या कथेवरचं. शेवटचा हा नाव घेऊन सांगावा असा जड आहे. आत्महत्येचा विषय आहे, मन ठीक नसेल त्या दिवशी लावू नका. 'मुशेत'बाबतही हेच सांगतो.

'यून फाम दूस' आपल्याकडच्या प्रेक्षकांनी मुद्दाम वेळ काढून पाहावा. हा ब्रेसाँचा पहिला रंगीत चित्रपट, आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून पॅरिसला गेलेले दिग्दर्शक कुमार शहानी यावर साहाय्यक म्हणून होते. सुरुवात अशी: गॅलरीतलं टेबल कलंडतं, कुंडी पडते, रस्त्यावर गाड्यांचे ब्रेक करकरतात आणि हवेतून एक शाल तरंगत खाली येते. बाईनं उडी मारली, हे आपण स्वतः जुळवतो. परिणाम आधी, कारण नंतर. शहानींचे इन्स्टिट्यूटमधले सहाध्यायी, दिग्दर्शक मणी कौल यांच्या 'उसकी रोटी' या चित्रपटावरही ब्रेसाँची छाया उघड आहे, पण मार्ग निराळा: ब्रेसाँ एकाच ५० मिलिमीटरच्या लेन्सला धरून राहिले, कौल आणि छायालेखक के. के. महाजन यांनी २८ आणि १३५ अशा दोन टोकांच्या लेन्स घेतल्या. 'लार्जां'नंतर 'उसकी रोटी' पाहिलात तर पिठाचे हात आणि बसथांब्यावरची वाट पाहणं वेगळ्याच नजरेनं दिसेल.

हातानं करून पाहायचं असेल तर

लघुपट करणाऱ्यांनी नुसतं पाहून थांबू नये. तीन मिनिटांचा एक सराव पुरेसा आहे. प्रसंग साधा घ्या: रात्री उशिरा कुणीतरी घरी येतं, स्वयंपाकघरात कुणीतरी जागं आहे, ताट झाकून ठेवलंय. भांडण होतं, पण दिसत नाही.

लेन्स एकच. ब्रेसाँचं ५० मिलिमीटर हे ३५ मिलिमीटर चित्रपट-फिल्मवरचं आहे, हे विसरून बरेचजण फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ५० लावतात आणि चित्र अपेक्षेपेक्षा रुंद येतं. त्याहून लहान असलेल्या एपीएस-सी सेन्सरवर ५० बरोबर बसते. फुल-फ्रेमवर ७५ ते ८५ लागेल. मोबाइलवर मुख्य लेन्स खूप रुंद असते, तीन पटीची टेली लेन्स असेल तर ती वापरा. एपीएस-सीवर ५० लावून दोन मीटरवर उभं राहिलात तर चौकटीत साधारण ९४ सेंटिमीटर रुंदी येते, एक मीटरवर ४७. म्हणजे ताट आणि दोन हात घ्यायचे तर मीटरभर अंतर ठेवा. स्वयंपाकघर अरुंद असेल तर कॅमेरा दाराबाहेर नेऊन दारातून घ्या. भिंत आड येते म्हणून लेन्स बदलू नका, तीच अडचण शॉट शोधायला लावते.

शॉट वीस ते पंचवीस, प्रत्येकी सरासरी सात-आठ सेकंद. आधी कागदावर यादी करा आणि त्यात चेहऱ्याचे शॉट चारपेक्षा जास्त नकोत. उरलेल्यात दाराची कडी, पायांतली चप्पल, झाकण, पाण्याचा पेला.

माणसं निवडताना एकांकिका स्पर्धांत काम केलेले मित्र शक्यतो टाळा. ते चांगले नट असतात म्हणूनच. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय एका दिवसात जात नाही. ब्रेसाँ आपल्या माणसांना नट म्हणतच नसत, 'मॉडेल' म्हणत, आणि एकदा घेतलेलं माणूस सहसा पुन्हा घेत नसत, कारण पहिल्या चित्रपटानंतर ते स्वतःला पाहायला शिकलेलं असतं.

तुम्ही त्यांना प्रसंगाची भावना समजावू नका. वाक्यं द्या, हालचाल द्या, गती द्या. "उशीर झाला," हे वाक्य किराण्याची यादी वाचावी तसं पंधरा-वीस वेळा म्हणू द्या, त्याच वेळी ताटावरचं झाकण उचलू द्या. दहाव्या वेळेच्या आसपास माणूस वाक्याचा विचार करणं सोडतो आणि हात आपोआप चालू लागतो. चित्रीकरण तिथून पुढे.

इथे हमखास बिघडतं ते असं: सपाट बोला म्हटलं की लोक रडवेलं, ओढून ओढून बोलतात, वाक्याच्या शेवटी आवाज पाडतात. तो सपाटपणा नाही, तोसुद्धा अभिनयच आहे, दुःखाचा. उपाय म्हणजे वेग वाढवा. वाक्य नेहमीपेक्षा थोडं पटकन आणि मधे न थांबता म्हणायला लावा, आणि नजर समोरच्याच्या हातांकडे ठेवायला सांगा. हात मोकळे ठेवू नका. मोकळे हात लगेच अभिनय करू लागतात.

आवाज वेगळा रेकॉर्ड करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पातळी साधारण उणे १२ डेसिबलपर्यंत. माइक आवाजाच्या जागेपासून २० ते ३० सेंटिमीटरवर. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं राहत नाही. रिकाम्या खोलीचा आवाज सलग एक मिनिट घ्या. तो नसेल तर संकलनात दोन आवाजांमधली जागा मेल्यासारखी पोकळ लागते. पावलं नंतर घ्यायची तर जमीन तीच असू द्या. शहाबादी फरशीवरची चप्पल आणि चकचकीत टाइलवरची चप्पल यांत कानाला लगेच फरक कळतो. अनवाणी पाय जवळजवळ वाजतच नाहीत.

एक नियम संकलनासाठी: जे आवाजानं कळतं त्याचं चित्र काढा. जिन्यावरची पावलं ऐकू आली तर जिना दाखवू नका. कडी वाजली तर दार दाखवायची गरज आहे का ते पाहा. यामुळे पंचवीस शॉटचे अठरा होतात. पार्श्वसंगीत घालू नका. प्रसंग पोकळ वाटला म्हणून गाणं टाकायची इच्छा होईल, तेव्हा त्या ठिकाणी कोणता खरा आवाज घ्यायचा राहिलाय ते आधी तपासा: शेजारचा टीव्ही, नळाचं थेंब-थेंब पाणी, रस्त्यावरून जाणारी रिक्षा. बहुतेक वेळा तेच राहिलेलं असतं.

तयार झाल्यावर दोघांना दाखवा, पण वेगवेगळं. एकाला पडदा झाकून फक्त ऐकवा, दुसऱ्याला आवाज बंद करून फक्त दाखवा. दोघांनाही निम्मी गोष्ट कळायला हवी, आणि दोघांची निम्मी वेगळी हवी. दोघांनी एकच गोष्ट सांगितली, तर चित्र आणि आवाज एकच काम दोनदा करतायत. मग यादी घेऊन पुन्हा बसा आणि त्यातलं एक काढा.